वावरात उभा असलेला युद्धकाळातला ट्रक : ओळखायचा कसा, उभा करायचा कसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या घरचा शेवरले ट्रक तीस वर्षं कडुनिंबाखाली उभा होता. तो पुन्हा चालता केल्यापासून वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, अमरावतीकडून फोटो आणि प्रश्न येत असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर प्रश्न ५ आणि प्रश्न ९ तरी वाचाच. पहिल्यात ट्रकची ओळख वाचते, दुसऱ्यात माणसाचा जीव.

१. आमच्या धुऱ्यावर एक जुना नकट्या तोंडाचा ट्रक पडला आहे. तो दुसऱ्या महायुद्धातला आहे हे कसं ओळखायचं?

आधी तोंड बघा. विदर्भात सापडणाऱ्या युद्धकाळातल्या ट्रकांत मला सर्वांत जास्त दिसलेला प्रकार म्हणजे कॅनडात बनलेला सीएमपी, म्हणजे ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’. बॉनेट अगदी आखूड, इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्ये ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधे घुसलेला, आणि पायाला जागा इतकी कमी की बूट घालून ब्रेक आणि ॲक्सिलरेटर वेगळे दाबणं कठीण. स्टिअरिंग उजवीकडे.

मग पुढची काच. १९४१ च्या शेवटापासून आलेल्या केबिनमध्ये काचेची वरची कड पुढे आणि खालची कड आत असते, म्हणजे आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. काचेवरची चकाकी टाळायला ती तशी बसवली होती. या केबिनला १३ नंबरची केबिन म्हणतात. त्याआधीच्या ११ आणि १२ नंबरच्या केबिनची काच सरळ असते. काच फुटून गेली असली तरी चौकटीचा कल राहतोच.

तिसरी खूण मागच्या चाकांत. तीन टनी असूनही मागे जोडचाकं नाहीत, दोन्ही बाजूंना एकेकच मोठं चाक आहे, तर तो सीएमपी असण्याची शक्यता फार मोठी.

२. कॅनडाचा ट्रक आमच्या खेड्यात आलाच कसा?

कॅनडाने युद्धात आठ लाखांहून जास्त लष्करी वाहनं बनवली, त्यांत सीएमपी चार लाखांच्या आसपास. ती राष्ट्रकुलातल्या सगळ्या सैन्यांना गेली. भारतात पुष्कळशी सुट्या भागांच्या पेट्यांमधून आली आणि इथे जोडली गेली. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून होताच. याच चेसिसवर जमशेदपूरला चिलखती गाड्याही बांधल्या गेल्या.

युद्ध संपलं आणि हजारो ट्रक सरकारने विकायला काढले. आपल्याकडचे म्हातारे ड्रायव्हर अजून ‘डिस्पोजलचा ट्रक’ म्हणतात तो हाच. कापूस जिनिंगला नेणारे, आलापल्लीकडून साग आणणारे, कच्च्या रस्त्यांवर मोटारसर्व्हिस चालवणारे लोक हे ट्रक घ्यायचे, कारण चारही चाकांना जोर असलेली गाडी पावसाळ्यात काळ्या मातीतून निघायची.

३. शेवरले की फोर्ड? केबिन तर दोन्हींची सारखीच दिसते.

केबिनवरून ठरवू नका, इंजिन बघा. एका रांगेत सहा सिलिंडर आणि वर व्हॉल्व्हचं लांब झाकण असेल तर शेवरले, २१६ घन इंचाचं, ८५ अश्वशक्तीचं. इंग्रजी व्ही आकारात चार-चार सिलिंडर आणि दोन्ही बाजूंची हेडं अगदी चपटी असतील तर फोर्ड व्ही-८, २३९ घन इंच, ९५ अश्वशक्ती. फोर्डला पाण्याचे पंपही दोन असतात.

इंजिन बदललेलं असेल तर इतर भागांवरची ओतीव अक्षरं शोधा. फोर्डने आपलं नाव किंवा नुसता एफ फार ठिकाणी उठवलेला असतो. तारेच्या ब्रशने नाही, रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने पुसा.

४. नंबरची पट्टी कबाडीने काढून नेली. मॉडेल कसं कळेल?

टेप घ्या आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. १०१ इंच (सुमारे २५७ सेंटीमीटर) आलं तर लहान चेसिस, उदाहरणार्थ १५ हंड्रेडवेटचा (भाराचं जुनं इंग्रजी माप) सी-१५-ए. १३४ इंच (३४१ सेंटीमीटर) आलं तर ३० हंड्रेडवेटचा किंवा आखूड तीन टनी. १५८ इंच (४०२ सेंटीमीटर) आलं तर लांब तीन टनी, सी-६०-एल किंवा एफ-६०-एल.

नाव वाचणं सोपं आहे. सी म्हणजे शेवरले, एफ म्हणजे फोर्ड. आकडा हंड्रेडवेटमधला भार. एक हंड्रेडवेट ५०.८ किलोचं, म्हणून ६० म्हणजे तीन टन. एल लांब, एस आखूड.

माप मधलंच काहीतरी आलं तर चेसिसच्या पोटाखाली जाऊन वेल्डिंगचा सांधा शोधा. लाकूड वाहणाऱ्यांनी चेसिस लांबवलेल्या असतात, आणि ट्रॅक्टरची ट्रॉली करायला निघालेल्यांनी आखूड केलेल्या. पट्टी गेली तरी चेसिसवर ठोकलेला नंबर बहुधा शिल्लक असतो. पुढच्या भागात दोन्ही बाजूंच्या लोखंडावरचा ग्रीस-मातीचा थर लाकडी पट्टीने खरवडा, टॉर्च तिरपा धरा आणि बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारा आकडा बोटाला लागतो.

५. गंज फार आहे. सगळा रंग ग्राइंडरने काढून प्रायमर मारू का?

नको. हात जोडून सांगतो, नको. मी हे केलं आणि त्याची भरपाई झाली नाही. आमच्या ट्रकच्या बॉनेटच्या कडेवर वरून निळा, त्याखाली लाल, त्याखाली हिरवा रंग होता. मी पत्र्यापर्यंत ग्राइंडर फिरवत गेलो आणि हिरव्याखालून पांढऱ्या अक्षरांचा एक तुकडा दिसला, तेव्हा थांबलो. एल हे अक्षर आणि पुढचे दोन आकडे उरले होते. बाकीचे धूळ होऊन जमिनीवर पडले होते. तो त्या ट्रकचा लष्करी नोंदणी क्रमांक होता. एल लॉरीसाठी, झेड लहान ट्रकसाठी. तो पूर्ण मिळाला असता तर या ट्रकाचा माग काढता आला असता.

म्हणून आधी दिवसाउजेडात सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग बॉनेटच्या दोन्ही कडा, दारं आणि मागचं फाळकं या जागी ८०० किंवा १००० नंबरचा पाणकागद पाण्यात भिजवून हळूहळू घासा. एका वेळी तळहाताएवढीच जागा. एकेक थर उघडा पडेल तसा फोटो घ्या. सगळ्यात खाली तपकिरी छटेचा खाकी लागला तर ट्रक बहुधा १९४४ च्या आधीचा. नंतर अमेरिकी गाड्यांशी मिळता ऑलिव्ह हिरवा आला. जिथे काही सापडत नाही तिथला गंज खुशाल काढा.

६. आमच्याकडच्याला तीन ॲक्सल आहेत आणि स्टिअरिंग डावीकडे आहे. हाही कॅनडाचाच का?

नाही, हा बहुधा अमेरिकी जीएमसी, सीसीकेडब्ल्यू. लांब बॉनेट, मागे दोन ॲक्सलवर जोडचाकं, एकूण दहा चाकं आणि सगळ्यांना जोर. इंजिन २७० घन इंचाचं सहा सिलिंडरचं. चाकांमधलं माप १४५ किंवा १६४ इंच असतं. त्याच्या नावातलं पहिलं सी १९४१ चं डिझाइन सांगतं, दुसरं सी साधी बॉनेटवाली केबिन, के पुढच्या चाकांचा जोर आणि डब्ल्यू मागचे दोन्ही चालते ॲक्सल. दोनच ॲक्सल, बुटका आणि रुंद, डावीकडे स्टिअरिंग असेल तर पाऊण टनी डॉजकडे लक्ष द्या. स्टिअरिंग एका बाजूचं दुसरीकडे नेलेल्या गाड्याही असतात, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका.

७. गावात सगळे त्याला ‘मिलिटरीचा ट्रक’ म्हणतात. म्हणजे युद्धातलाच ना?

तसं नाही. सर्वांत जास्त गल्लत शक्तिमानशी होते. तो जबलपूरला १९५९ पासून जर्मन मान कंपनीच्या परवान्याने बनला. लष्कराने लिलावात काढलेले शक्तिमान आपल्या भागात पुष्कळ आले. त्याचं बॉनेट लांब आणि इंजिन डिझेलचं. १९५४ पासूनचे टाटा-मर्सिडीज आणि कुर्ल्याच्या प्रीमियरचे डॉज-फार्गो हेही युद्धानंतरचे. ते जपण्यासारखे नाहीत असं मुळीच नाही, फक्त त्यांची माहिती इथली नव्हे.

८. जीपबद्दलही सांगाल का?

थोडक्यात. पुढच्या बंपरच्या मागे, रेडिएटरखाली चेसिसला जोडणारा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलिस, उलट्या पन्हाळीसारखा असेल तर फोर्ड. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. जोर लावून तोडू नका. भाग मिळायला जीप सर्वांत सोपी, कारण महिंद्राच्या जीपा त्याच वंशातल्या.

९. टायर काढायचे आहेत. गावातला पंक्चरवाला काढून देईल का?

तुम्ही स्वतः शेजारी उभं राहिल्याशिवाय नाही. सीएमपीची रिम दोन अर्ध्यांची असते आणि ते अर्धे नटबोल्टने आवळलेले असतात. चाकावर नटांची दोन वर्तुळं दिसतात. आतलं वर्तुळ चाक हबला धरतं. बाहेरचं रिमचे दोन अर्धे एकमेकांना धरतं. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सैल केले तर रिमचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा उडतो, आणि समोर बसलेला माणूस वाचत नाही. सैन्यात हे नट लाल रंगवायचे ते याचसाठी. आता तो रंग उरलेला नसतो.

क्रम असा ठेवा. चाकाला हात लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढा. तार घालून व्हॉल्व्ह तुंबलेला नाही ना ते बघा. चिखलाने बंद झालेल्या व्हॉल्व्हमागे जुनी हवा राहिलेली असते. टायर हाताने दाबून लोळागोळा होतोय याची खात्री करा. मग आतले नट खोलून चाक उतरवा, आणि ते जमिनीवर आडवं ठेवूनच बाहेरचे नट खोला. जोडताना झिजलेला एकही बोल्ट परत वापरू नका. काम झालं की बाहेरच्या नटांना लाल रंग लावा.

मापं अशी : १५ हंड्रेडवेटच्याला ९.००-१६, तीन टनीला १०.५०-२०.

१०. ट्रक चिखलात रुतून वर्षानुवर्षं बसला आहे. ट्रॅक्टरने ओढू का?

झटका देऊन नाही. काळी माती पावसाळ्यात फुगून ॲक्सल धरून ठेवते आणि मातीला टेकलेलं लोखंड वर्षभर ओलं राहतं. म्हणून पाट्यांची टोकं आणि ॲक्सलचा खालचा भाग आतून खाल्लेला असतो. झटक्यात पाटा तुटतो किंवा पुढचा ॲक्सल तिथेच राहून चेसिस पुढे येते.

दिवाळीनंतर, जमिनीला भेगा पडायला लागल्या की हात घाला. चारही चाकांभोवती खणा, जॅकखाली सागाच्या फळ्या द्या, एकेक चाक उचलून त्याखाली फळ्या सरकवा. गिअर न्यूट्रल आहे याची खात्री करा. ब्रेक चिकटलेले असतील तर ड्रम सुटे करा, नाहीतर चाक फिरणार नाही, नुसतं घासत जाईल. सीटखाली, इंजिनाच्या झाकणात आणि बॅटरीच्या खोक्यात आधी लांब काठी घालून बघा. आमच्या ट्रकात धामण निघाली होती, दुसऱ्या एका ठिकाणी नाग.

११. इंजिन जाम आहे. ते हाताने फिरवायचं हँडल हलतच नाही.

तेवढ्याने निराश होऊ नका. सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओता आणि आठ-दहा दिवस राहू द्या. रोज थोडं वाढवा. त्या काळात खालची ऑइलची परात उतरवून गाळ काढा. मग हँडल लावून पुढे-मागे डुलवा, पूर्ण फेरा मारायचा हट्ट नको. बोटभर हललं तरी काम झालं समजा. ट्रक ओढून, गिअर टाकून इंजिन सोडवू नका. कनेक्टिंग रॉड वाकतात.

फोर्डचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात आणि तेही चिकटलेले असतात, म्हणून तिथे वेळ जास्त लागतो. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा आणि खालून वर ओढा. इंजिनने उलटा झटका दिला तर मुठीतला अंगठा मोडतो.

१२. शेवरलेचं इंजिन चालू झालं, पण ऑइल प्रेशर १४ च्या वर जात नाही. मिस्त्री म्हणतो इंजिन गेलं.

गेलेलं नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि या एका गैरसमजापायी चांगली इंजिनं खोलली जातात. २१६ च्या इंजिनात कनेक्टिंग रॉडला दाबाने ऑइल जातच नाही. परातीत प्रत्येक रॉडखाली एक छोटी पन्हाळ असते आणि रॉडच्या टोपीला एक चमचा. रॉड खाली आला की चमचा पन्हाळीतलं ऑइल उचलून बेअरिंगमध्ये ढकलतो. वेग वाढला की नळ्यांच्या तोंडातून येणारी ऑइलची धार थेट चमच्यावर पडते. म्हणून काट्यावर १४-१५ पौंड हेच त्याचं पूर्ण प्रेशर.

खरा धोका वेगळा आहे. परात उतरवताना त्या पन्हाळी किंवा नळ्या वाकल्या तर एखादा चमचा कोरडा फिरतो आणि तेवढाच रॉड वाजायला लागतो. आम्ही परात दोन माणसांनी सरळ खाली उतरवून पोत्यावर ठेवली होती.

बेअरिंग व्हाईट मेटलचं, म्हणजे रॉडमध्येच ओतलेलं असतं. आजच्यासारखं बाजारातून आणून बसवायचं नाही. टोपीखाली पातळ पत्र्या असतात. थोडी झीज असेल तर एकेक पत्री काढून फट कमी करता येते. धातू सुटला असेल तर तो नव्याने ओतून लेथवर कापावा लागतो. हे करणारे जुने कारागीर मोठ्या शहरांत अजून आहेत. त्यांच्याकडे रॉड टोपीसकट न्या आणि कोणती टोपी कोणत्या रॉडची याच्या खुणा करून न्या. या इंजिनाला लांब पल्ल्याची भरधाव मानवत नाही. ताशी ५० किलोमीटरला ते मजेत राहतं.

१३. नवी बॅटरी लावली तरी सेल्फ कण्हतो. १२ व्होल्ट करून टाकू का?

आधी वायरी बघा. हे ट्रक ६ व्होल्टचे. निम्म्या व्होल्टला तेवढंच काम करायला दुप्पट करंट लागतो, म्हणून बॅटरीच्या केबल आजच्या ट्रकपेक्षा जाड हव्यात. बहुतेक ठिकाणी कोणीतरी बारीक केबल टाकलेली असते. जाड केबल, घासून पांढरे केलेले जोड आणि इंजिनापासून चेसिसला वेगळी अर्थिंगची पट्टी एवढं केलं की सेल्फ फिरतो. शेवरलेला निगेटिव्ह अर्थ असतो, फोर्डला पॉझिटिव्ह. बॅटरी लावण्याआधी हे बघाच.

१४. ब्रेक?

हायड्रॉलिक आहेत आणि उभ्या ट्रकात ते हमखास गेलेले असतात. व्हील सिलिंडरमध्ये खड्डे पडलेले असतील तर लेथवाल्याकडून स्टीलची बाही बसवून घ्या, नवं रबर टाका, लोखंडी पाइप सगळे बदला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. ब्रेक होईपर्यंत इंजिन चालू करून अंगणातही ट्रक हलवू नये, असं माझं ठाम मत आहे.

१५. आजचं पेट्रोल चालतं का?

चालतं, पण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर आणि बुचाचे गॅस्केट खातं आणि हवेतला ओलावा ओढतं. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. ट्रक महिनाभर उभा राहणार असेल तर टाकी आणि कार्बुरेटर रिकामा करा. फोर्डचा धूर ब्लॉकमधूनच बाहेर जातो, त्यामुळे ते इंजिन मुळात तापट. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ ला जातो, तेव्हा रेडिएटर सळ्या घालून साफ केल्याशिवाय ट्रक बाहेर काढू नका.

१६. भाग मिळतात कुठे?

नावाने विचारलं तर कुठेच नाही, मापाने विचारलं तर पुष्कळ. बेअरिंगवरचा नंबर वाचा. तेच बेअरिंग आजही दुसऱ्या कशाला तरी लागतं. ऑइल सीलसाठी आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी लिहून न्या. दिल्लीचं काश्मिरी गेट आणि मायापुरी, मुंबईचा चोरबाजार इथे फेरी मारावीच. पण आधी आसपासची गावं पालथी घाला. या ट्रकांचे ॲक्सल ट्रॉल्यांना आणि बंड्यांना लागलेले आहेत. आमचा पुढचा एक हब आर्वीकडच्या ट्रॉलीच्या चाकात मिळाला.

१७. आमच्या ट्रकात पर्किन्सचं डिझेल इंजिन आणि सागवानी केबिन आहे. ते काढून मूळचं बसवू का?

मी काढणार नाही. पेट्रोल परवडेना तेव्हा मालकांनी मद्रासला बनणारं पर्किन्स पी-६ बसवलं, आणि पत्रा सडला तेव्हा गावच्या सुताराने सागाची केबिन बांधली. सैन्यात ट्रक फार तर चार-पाच वर्षं होता, आपल्या मातीत पस्तीस-चाळीस. सुताराने दाराला घातलेली खाच, फळक्यावर रंगवलेलं जिनिंगचं नाव, वरची देवाची तसबीर ठेवायची फळी, हे कॅनडातून मागवता येत नाही.

वाळवीने खाल्लेली लाकडं बदला, पण जुन्या लाकडावरून माप घेऊन, त्याच सांध्यांनी. केबिन शिल्लकच नसेल आणि खाली मूळचा पत्रा व रंग सापडला असेल, तर लष्करी रूपाकडे जायला हरकत नाही. मात्र न सापडलेले नंबर आणि पलटणीची चिन्हं मनाने रंगवू नका.

१८. जुन्या आर.सी.वर मध्य प्रदेशचा शिक्का आहे. ट्रक परराज्यातला आहे का?

नसेलही. ट्रक जागेवरच होता, राज्य बदलत गेलं. १९५० पर्यंत आपण मध्य प्रांत आणि वऱ्हाड होतो, मग मध्य प्रदेश आणि नागपूर त्याची राजधानी, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. त्या पुस्तकाचं प्रत्येक पान स्कॅन करा. चेसिस नंबर त्यात शाईने लिहिलेला असतो आणि प्रश्न ४ मधलं निम्मं काम तिथेच होतं.

१९. विंटेजचा नंबर मिळेल का?

इथे बरेच जण अडकतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, खासगी वापराच्या वाहनाला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. पण त्यातली व्याख्या दुचाकी आणि एम-१ वर्गातल्या, म्हणजे प्रवासी चारचाकीची आहे. मालवाहू ट्रक एन वर्गात येतो. जीपचं काम होऊ शकतं; ट्रकासाठी पैसे भरण्याआधी फोटो आणि जुनी आर.सी. जोडून आरटीओला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. नंबर मिळाला तरी रोजच्या वापराला किंवा भाड्याला गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. कागद नसेल तोवर ट्रक लो-बेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर चढवूनच न्या.

२०. वडील ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांनी हा ट्रक चालवला, पण आता ‘विकून टाका’ म्हणतात. काय करू?

त्यांना खुर्ची टाकून ट्रकाशेजारी बसवा आणि फोन रेकॉर्डिंगला लावा. किती क्विंटल सरकी भरायचे, कोणत्या नाल्यात पुढचा जोर टाकायचे, डबल क्लच कसा मारायचे, इंजिन कोणी आणि कधी बदललं हे विचारा. माझ्या वडिलांनी पहिल्या दिवशी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडून आत चढले, हात न बघता सीटखाली घातला आणि गोणपाटात गुंडाळलेलं हँडल बाहेर काढलं. आम्ही ते आठ महिने शोधत होतो.